मागच्या बाजूचा मानकरी

आमच्या खानदानात कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूचा मान माझ्याकडे होता. पुढची बाजू कुणालाही जमते. बटण दाबलं की दिवा लागतो. मागे मात्र कोळिष्टकं, धूळ आणि वायरींचा गुंता. टेबलाखाली शिरून, नुसतं चाचपत मी मॉनिटरच्या निळ्या व्हीजीएचे स्क्रू आवळायचो, जांभळ्या भोकात कीबोर्ड खुपसायचो, हिरव्यात माऊस. रंगाला रंग जुळवायचा, एवढंच काम. पण बाहेर येताना चेहरा असा करायचो, की मावशी दबकत विचारायची, "होईल ना रे?" झालेलं असायचं. तरी मी मान हलवून कॉम्प्युटर रीस्टार्ट करायला लावायचो. तो कीबोर्ड चालू मशीनला लावला तर ओळखत नसे, आणि तेवढ्या वेळात भाव खाता येई.

मग आमच्याकडे यूएसबी आली; तिचा जन्म १९९६ सालचा. इथे अजय भटांविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही (घरच्यांना हा भाग पाठ आहे, त्यांनी गाळला तरी चालेल). यूएसबी घडवणाऱ्यांतले एक प्रमुख, इंटेलचे हे इंजिनिअर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. सयाजीराव मूळचे कवळाण्याचे, म्हणजे मालेगावजवळचे. त्या हिशेबाने यूएसबी आमच्या नाशिक जिल्ह्याचीच. २००९ साली इंटेलने भटांवर जाहिरात काढली: ते ऑफिसात शिरतात आणि सहकाऱ्यांचं भान हरपतं. पण जाहिरातीतले भट म्हणजे एक नट! खरे भट तेव्हा इंटेलमध्येच नोकरीला होते. मला हे अजून सहन होत नाही. मावशीकडे मी निदान स्वतः जायचो.

यूएसबी उलटी का बसत नाही, याचं उत्तरही भटांनी दिलंय. दोन्हीकडून बसणारी करायची तर तारा दुप्पट, सर्किट दुप्पट, खर्च दुप्पट. म्हणून आपण सगळे ती फिरवत बसलो, आणि माझी वट टिकली.

टाइप-सीने ती घालवली. २४ संपर्कबिंदू, उलटसुलट कशीही लावा. २०२४च्या डिसेंबरअखेर युरोपीय संघाने मोबाइलला तीच सक्तीची केली. उत्तम. फक्त एक विचारतो: तोंडं सारखी केलीत, मग पोटात वेगवेगळं का? एक केबल चित्र नेते, शेजारची हुबेहूब दिसणारी नुसतं चार्जिंग करते. व्हीजीए हातात घेतली की ती काय करणार ते तरी कळायचं.

फोटो मोठे दिसावेत म्हणून लेकीने पाठवलेला मॉनिटर काका लॅपटॉपला जोडत होते. केबल घट्ट बसली होती, पडदा काळाच. काका जन्मभर लेथवर उभे राहिले, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी हुज्जत घातली. ते ओशाळून म्हणाले, "डोकं चालत नाही रे आता." डोकं ठणठणीत होतं. केबल चार्जिंगची होती. ज्याच्या हाताखाली चुकीच्या आट्यांचा नट कधी बोल्टवर चढला नाही, त्याने नीट बसलेल्या वस्तूवर संशय का घ्यावा? दोष केबलचा आहे, हे मी परोपरीने सांगितलं. त्यांना वाटलं, मी समजूत घालतोय.

थोड्या वेळाने त्यांनी चिकटपट्टी आणली, तिच्यावर कोरीव अक्षरात 'फक्त चार्जिंग' लिहून ती केबलला गुंडाळली आणि म्हणाले, "तुझ्याकडच्याही आण, सगळ्यांवर लिहून टाकू. तू नुसतं सांगत जा, कुठली कशाची."

माझ्या पिशवीतल्या निम्म्या केबली काय करतात, देव जाणे. पिशवी घरी राहिली, असं मी सांगितलं. ती माझ्या मांडीवर होती.