पेनड्राईव्हमधलं गाणं

भिवंडीच्या माणसाचे कान दोन पाळ्यांत तयार होतात. पहिली पाळी पॉवरलूमची, दुसरी लगीनसराईतल्या हळदीच्या डीजेची. बाहेरगावचा पाहुणा लूमच्या खटखटाटाने रात्रभर तळमळतो. आम्हाला मात्र वीज गेली आणि लूम थांबले की दचकून जाग येते.

तुळशीचं लग्न लागलं की काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, कोन या आमच्या आगरी पट्ट्यात मांडव उभे राहायला लागतात. लग्न दुसऱ्या दिवशी असतं, पण खरा थाट हळदीच्या रात्रीचा. एक वेळ लग्नाला नाही गेलात तर चालेल. हळद चुकवलीत तर पुढच्या हळदीपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. मांडवाच्या एका अंगाला बेस आणि टॉप स्पीकरची भिंत रचलेली असते आणि तिच्या आडोशाला ऑपरेटर पोरगा, एक कान हेडफोनात, दुसरा गर्दीत. मिक्स सुरू होतो. जुन्या कोळीगीताची चाल, तिच्याखाली हलगी, मध्येच भोंगा, मग कुठल्याशा सिनेमातल्या खलनायकाची धमकी, की परत चाल. या गदारोळात अचानक पाच-सात सेकंदांचा एक तुकडा असा येतो की हातातला रस्सा तसाच राहतो. कुठलं गाणं हे? ओळखीचं वाटतं, पण नाव आठवत नाही. शेजारच्या पाहुण्याच्या कानाशी लागून विचारावं, तर तो मान डोलावून म्हणतो, "हो, मीठ जरा जास्तच आहे."

मग गाणं ओळखणारं ॲप लावून फोन वर करायचा. हल्ली हळदीत जे हात वर दिसतात ते सगळे नाचणारे नसतात. त्यात दोन-चार माझ्यासारखे असतात, स्पीकरपुढे फोन धरून उभे.

या विद्येची सुरुवात मोठी गमतीची आहे. 2002 मध्ये ब्रिटनमध्ये 'शझाम' सुरू झालं तेव्हा ॲप हा प्रकारच नव्हता. 2580 हा नंबर लावायचा, म्हणजे बटणांची मधली रांग वरून खाली. अंधारात, गर्दीतसुद्धा चुकायला नको. फोन गाण्याकडे धरायचा. थोड्या वेळाने तो आपोआप कट व्हायचा आणि गाण्याचं नाव मेसेजने यायचं. चार संस्थापकांपैकी एक धीरज मुखर्जी. पण खरी करामत दुसऱ्या एकाची, ॲव्हरी वांगची. 2003 मध्ये त्याने आपली पद्धत एका निबंधात मांडली. ती समजून घ्यायला इंजिनियर लागत नाही, भिवंडीचा कापडवाला पुरतो.

ग्रे कापडाचा व्यापारी भिंग लावून बघतो: एका इंचात उभे धागे किती, आडवे किती. तेवढ्यावर तो माल कुठल्या क्वालिटीचा ते सांगतो. कापड डागाळलेलं असो, फाटकं असो, त्याचं काही अडत नाही. वांगनेही गाण्याचा असाच आडवा-उभा आलेख मांडला, आडवा काळ आणि उभी कंपनसंख्या. त्यातले फक्त जोरकस ठिपके ठेवले, बाकीचे सोडून दिले. मग ठिपक्यांच्या जोड्या लावल्या, त्यांच्यातलं अंतर टिपलं आणि साठवलेल्या गाण्यांच्या वहीशी पडताळलं. गोंगाट चालतो, बडबड चालते. एकावर एक दोन गाणी वाजत असली तरी दोन्ही निघतात. म्हणजे भोंगा आणि खलनायक हे दोघे निर्दोष आहेत.

तरीही हळदीत फोन फसतो, त्याचा दोष आहे ताणण्यात. तेच कापड दोघांनी दोन टोकांना धरून खेचलं तर व्यापाऱ्याचं भिंग काय करणार? इंचातले धागेच बदलले! आणि डीजेचा तर हा पहिला उद्योग. आधीच्या गाण्याचा ठेका पुढच्याशी जुळायला हवा म्हणून पुढचं गाणं पळवायचं किंवा रेंगाळवायचं. जुन्या टेक्निक्सच्या टर्नटेबलवर त्यासाठी वेग 8 टक्के वर-खाली करायची पट्टी असे. गाणं 8 टक्के पळवलं की सूर अर्ध्या स्वराहून जास्त चढतो आणि वहीतले सगळे ठिपके जागा सोडतात. आमचे ऑपरेटर 8 टक्क्यांवर थांबणाऱ्यांतले नव्हेत. एखादं नौकागीत ते अशा वेगाने सोडतात की होडी वसईच्या खाडीत न राहता थेट नाशिक हायवेला लागावी.

बरं, मिक्समध्ये नाव ऐकूच येत नाही असंही नाही. दर अर्ध्या मिनिटाला एक जाड, घुमणारा आवाज नाव सांगतो, डीजेचं! गाणाऱ्याचं नाही, चाल लावणाऱ्याचं नाही, शब्द लिहिणाऱ्याचं तर नाहीच. इथे मला गायिका गौहर जानची आठवण होते. 1902 मध्ये कलकत्त्याला ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्गने तिचा आवाज तबकडीवर घेतला. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जायच्या. तिथल्या माणसांना कोण गातंय ते कळून लेबल नीट लागावं म्हणून गाणं संपताच बाई इंग्रजीत स्वतःचं नाव ठणकावून सांगायच्या. शंभर-सव्वाशे वर्षांत नाव पुकारायची रीत टिकली, फक्त पुकारणारा बदलला.

2021 मध्ये ॲपलने जाहीर केलं की 'शझाम'च्या तंत्राने डीजे मिक्समधलं एकेक गाणं ओळखून ज्याचे त्याचे पैसे त्याला पोचवायचे. ('शझाम' 2018 मध्येच ॲपलने विकत घेतलं होतं.) उत्तम. पण हळदीत त्याचा काय उपयोग? आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 ने लग्नाला आणि वरातीला गाणी वाजवायची सूट दिलेली आहे. केंद्र सरकारने 2023 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे कायदाही विचारत नाही गाणं कुठलं म्हणून. विचारणारा पोलीस येतो तो रात्री दहाला, आणि त्याला नावाशी नव्हे, आवाजाशी कर्तव्य असतं.

आता 2020 पासून गूगलवर गुणगुणून गाणं शोधायचीही सोय आहे. ती चालीवर जाते, त्यामुळे ताणाताणीला पुरून उरते म्हणे. तुम्ही बेसच्या भिंतीसमोर उभं राहून गुणगुणून दाखवा, मग बोलू.

गेल्या लगीनसराईत काल्हेरच्या एका मांडवात मी असाच फोन धरून उभा होतो. फोन आपला गोल गोल फिरवत विचार करत होता. बाजूच्या खुर्चीवर नऊवारीतल्या एक आजी. भोंगा, हलगी, डीजेचा घोष यांतलं काहीच त्यांना ऐकू आलं नसावं. "यो त धवला हाय," त्या म्हणाल्या, आणि टाळीवर तीच चाल निम्म्या वेगात गाऊन दाखवली. पुढची माहिती मी न विचारता आली: ही चाल अमकी धवलारीण गायची, तमक्याच्या हळदीला गायली होती, आणि त्या हळदीत जावई कशावरून रुसला होता.

आगरी लग्नात धवलारणीचा मान मोठा. एकेक विधी तिच्या गाण्यावर, म्हणजे धवल्यावर, पुढे सरकतो, आणि ही गाणी आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे तोंडातोंडी आलेली. त्यांची तबकडी कोण काढणार? फोन गाणं ओळखत नाही, कुणीतरी कधीतरी भरून ठेवलेलं रेकॉर्डिंग ओळखतो. आजींच्या मूळ धवल्यापुढेही मी फोन धरून पाहिला. फोनने हात टेकले. आजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "याला आयकू येत नाय का?"

दहा वाजले, भिंत गप्प झाली. ऑपरेटर पोरगा वायरी गुंडाळत होता. त्याला गाठून विचारलं, तो धवल्याचा तुकडा कुठून मिळाला? त्याने पेनड्राईव्ह लॅपटॉपला लावून फाइल दाखवली: 'हळदी नॉनस्टॉप फायनल न्यू लास्ट 2'. ती त्याला कोनच्या एका डीजेने दिली होती, त्याला व्हॉट्सॲपवर कुणीतरी, आणि त्या कुणीतरीचा नंबर आता लागत नाही.

"पण गाते कोण? ती बाई कोण?"

पोराने खांदे उडवले. आगरी बोलीत काकालाही अरे-तुरेच असतं, त्यामुळे त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, असलीच तर आशा होती. म्हणाला, "काका, नाव गवसला त मना पन पाठव."