दोन रेझिस्टर वाचवणाऱ्या महाशयांस



स्वस्त ट्रिमर, नेकबँड, टॉर्च, हातात धरायचे पंखे अशा जिनसांची सर्किटं आखणारे आपणच ते. खोक्यावर आपलं नाव नसतं, 'टाइप-सी चार्जिंग' हे मात्र ठसठशीत छापलेलं असतं. त्यात खोटं काहीच नाही. भोक टाइप-सीचंच आहे.

गिऱ्हाईक घरी येऊन फोनचा नवा चार्जर काढतं, दोन्ही टोकांना सी असलेली केबल जोडतं आणि ट्रिमर ढिम्म. दिवासुद्धा लागत नाही. त्याच केबलवर फोन सुसाट चार्ज होतो. दुकानदार म्हणतो, 'साहेब, फास्ट चार्जर लावलात ना? बॅटरी गेली.' मग कोणीतरी ड्रॉवरच्या तळातून चपट्या यूएसबीचा जुना चार्जर शोधतं, खोक्यातली वीतभर केबल त्याला लावतं, आणि गेलेली बॅटरी निमूटपणे परत येते!

किमया आपलीच. जुन्या यूएसबीला विचारपूस माहीत नाही; तिथे ५ व्होल्ट सदैव हजर. टाइप-सीचा चार्जर मात्र पलीकडे कोण आहे हे कळल्याशिवाय वीज सोडत नाही. ते कळावं म्हणून वस्तूने सीसी नावाच्या दोन पिनांवर ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर ठेवायचा. २०१४ साली टाइप-सीचं स्पेसिफिकेशन आलं तेव्हापासून हे लिहून ठेवलेलं आहे. मोहरीहून लहान, काही पैशांत मिळणारे हे दोन तुकडे आपण गाळलेत. बचतीबद्दल अभिनंदन!

आपल्या एका व्यवसायबंधूंनी तर निम्मीच बचत केली: रेझिस्टर एकाच पिनेवर. त्यांच्या टॉर्चला केबल एका बाजूने लावली तर चार्जिंग होतं, उलटवली की बंद. कशीही लावा, चालते, ही जिची ख्याती, त्या केबलला त्यांनी पुन्हा सुलट-उलट शिकवलं.

चुका मोठ्यांच्याही होतात. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ या बोर्डात दोन्ही सीसी पिनांना मिळून एकच रेझिस्टर होता. चिपवाली केबल लावली की चार्जर त्या बोर्डाला ऑडिओ अडॅप्टर समजायचा आणि वीज द्यायचा नाही. त्यांनी चूक मान्य केली आणि नंतरच्या बोर्डांत सुधारली. आपण माहितीपत्रकात ओळ वाढवलीत, 'फास्ट चार्जर वापरल्यास वॉरंटी रद्द.' अहो, नियमाने चालणारा फास्ट चार्जर मागितल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाही. ९, १५, २० मागून घ्यावे लागतात. आपली वस्तू मागणार कुठून? ती तर हजेरीलाही 'ओ' देत नाही.

घरातले चार्जर कमी व्हावेत म्हणून युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, हेडफोन, स्पीकर यांना टाइप-सी सक्तीचं केलं. आपल्या कृपेने आमच्याकडे एक जादाच जपून ठेवावा लागतो.

तूर्त ज्यांच्याकडे जुना चार्जर उरलेला नाही, त्यांनी नव्या चार्जरला सी-टू-ए ओटीजी कनेक्टर लावावा आणि त्यात आपली वीतभर केबल खुपसावी. कनेक्टर बनवणाऱ्याने तो रेझिस्टर आत बसवलेला असतो. त्याला परवडला, बघा. त्या कनेक्टरचं बिल वॉरंटी कार्डाला टाचून ठेवलं आहे. रक्कम कोणत्या खात्यात मागायची ते कळवावे.

आपला,
एक चार्जरसंपन्न ग्राहक