टर्बो सी आता पुरे

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव. संगणकशास्त्र शिकणाऱ्या पोरांना विचारा, सी प्लस प्लसचं प्रॅक्टिकल कशावर करता? आजही बऱ्याच जणांकडून उत्तर येतं : टर्बो.

बोरलँड कंपनीचं टर्बो सी १९८७ साली आलं, टर्बो सी प्लस प्लस १९९० साली. सी प्लस प्लस या भाषेचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं १९९८ साली. म्हणजे आपण पोरांना मानक ठरण्याआधीची भाषा शिकवतोय. आजच्या ६४ बिट विंडोजवर टर्बो थेट चालतसुद्धा नाही, डॉसबॉक्समध्ये घालून चालवावं लागतं. पुण्यात मुलाखतीला गेलेल्या पोरानं ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ लिहिलं, की आजचा कंपायलर पहिल्याच ओळीला एरर देतो. त्यात त्या पोराची काय चूक? त्याला तेच शिकवलंय.

पैसे नाहीत, ही सबब चालणार नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा कंपायलर त्याच १९८७ साली सगळ्यांसाठी खुला केला आणि त्याच्या नव्या आवृत्त्या अजून येतात. गणिताला सायलॅब, संख्याशास्त्राला आर, दोन्ही मोफत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मराठीतही आहेत. एकदा उतरवून घेतले की नेट नसलं तरी चालतात.

मग अडतं कुठे? जर्नलपाशी. प्रोग्राम ठरलेले, आउटपुट ठरलेलं. मागच्या बॅचचं बघून उतरवायचं, सही घ्यायची, एक्स्टर्नलपुढे ठेवायचं. सॉफ्टवेअर बदललं तर जर्नल बदलावं लागेल, नोट्स नव्यानं काढाव्या लागतील. ती मेहनत आपण टाळतो आणि भोगतात विद्यार्थी.

बीडमध्ये तर जास्तच भोगतात. आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर, मुलगी वसतिगृहात. लॅपटॉप तिच्या घरात कधी आलाच नाही. कॉलेजच्या लॅबमधलं मशीन तेवढं तिच्या हाती लागतं आणि तास संपला की लॅबला कुलूप. सराव तिनं करायचा कुठे?

म्हणून तीन मागण्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठानं प्रॅक्टिकलच्या अभ्यासक्रमात मोफत, चालू आवृत्तीचा कंपायलर नावानिशी लिहावा. प्राचार्यांनी लॅबच्या दारावर सॉफ्टवेअरची यादी आवृत्तीसह लावावी, संध्याकाळी दोन तास लॅब उघडी ठेवावी आणि थांबणाऱ्या लॅब असिस्टंटला त्याचा मोबदला द्यावा. परीक्षकांनी जर्नलची पानं मोजणं सोडून विद्यार्थ्याला मशीनसमोर बसवावं आणि न पाहिलेला प्रोग्राम लिहून घ्यावा.

यातल्या कशालाही मोठं टेंडर लागत नाही. येत्या सत्रापासून सुरुवात करा. बीडची पोरं हुशारीत कुणाला हार जाणारी नाहीत, त्यांच्या हातात आजची साधनं द्या.