कर्ता सोडून सगळे ओळखणारा माणूस

औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत जूनमध्ये पालक येतात आणि बाकीचे वर्षभर उमेदवार. स्पर्धा परीक्षांचा उमेदवार ही छत्रपती संभाजीनगरातली एक स्वतंत्र जमात आहे. बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडून तो पदवी घेऊन इथे उतरतो, अभ्यासिकेत एक खुर्ची आणि एक चार्जिंगचा प्लग महिन्याच्या बोलीवर मिळवतो, मेसचा डबा लावतो आणि गावाकडून फोन आला की ‘जाहिरात निघायचीय’ एवढे सांगून मोकळा होतो. टेबलावर मो. रा. वाळंब्यांचे व्याकरण असते, आधीच्या दोन-तीन उमेदवारांनी वेगवेगळ्या रंगांच्या हायलायटरने रंगवलेले. या पुस्तकाच्या सहवासात त्याला एक सवय जडते : वाक्य दिसले की तो अर्थाकडे न जाता प्रयोगाकडे जातो. ‘आईने तुला बोलावले आहे’ असा निरोप आला की तो आधी ‘भावे’ म्हणतो आणि मग चप्पल शोधतो. लोक त्याला हसतात. उद्या तलाठी होऊन सात-बारा द्यायचा, त्यात कर्तरी-कर्मणीचे काय काम, असे त्यांना वाटते. माझे मत नेमके उलटे आहे. त्याच्या अख्ख्या अभ्यासक्रमात सरकारी नोकरीला सर्वांत उपयोगी पडणारा धडा हाच आहे. खोट एवढीच, की तो अर्धाच शिकवला जातो.

शिकवला जातो तो अर्धा भाग असा. क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे वळते ते पाहायचे. कर्त्याप्रमाणे वळले तर कर्तरी, कर्माप्रमाणे वळले तर कर्मणी, कोणालाच भीक न घालता नपुंसकलिंगी एकवचनात बसून राहिले तर भावे. दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली निघाले. त्यातल्या सूक्ष्म चर्चेचा अर्क क्लासवाल्यांनी ‘प्रत्यय बघा, टिक करा’ एवढ्या ट्रिकमध्ये उतरवला आहे. ट्रिक बरी चालते. पण लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेच्या मुख्य पेपरात मराठी आणि इंग्रजी शेजारी बसतात, तिथे उमेदवाराची खरी फरफट होते. रामाने आंबा खाल्ला, ही घटना इंग्रजीच्या भागात ॲक्टिव्ह असते. तीच मराठीच्या भागात आली की कर्मणी होते, कारण आंब्याच्या जागी चिंच ठेवली तर ‘खाल्ली’ म्हणावे लागते आणि रामाच्या जागी सीता बसवली तरी क्रियापद ढिम्म हलत नाही. ‘तो धडा शिकला’सारखे काही अपवाद वगळले, तर मराठीतले सकर्मक क्रियापद साध्या भूतकाळात गेले की कर्त्याला ओळख दाखवत नाही. इंग्रजीत प्रयोग निवडता येतो. मराठीत बहुतेक वेळा काळच तो निवडून देतो. चुकीला गुण कापले जात असल्यामुळे उमेदवाराला हा भाषाभेद फार लवकर आणि फार मनापासून कळतो.

आता हाच नियम त्याच्या आयुष्याला लावून पाहा. निवड झालेला उमेदवार छाती काढून सांगतो, ‘मी पोस्ट काढली.’ हे मुलाने म्हटले काय नि मुलीने म्हटले काय, ‘काढली’ ते ‘काढली’च, क्रियापद पोस्टचे ऐकते, काढणाऱ्याचे नाही. याउलट ‘मी नापास झालो’ हे शुद्ध कर्तरी. तिथे क्रियापद कर्त्याची कॉलर घट्ट धरते, मुलगी असेल तर ‘झाले’ होऊन तिलाही सोडत नाही. म्हणजे मराठीने यशाचे माप कर्माच्या पदरात टाकले आहे आणि अपयशाचे कर्त्याच्या. उमेदवार व्याकरण कोळून प्यालेला असल्याने त्याने यावर तोड काढली आहे. तो नापास कधीच होत नाही. ‘मेरिट वर गेलं’, ‘जागा कमी निघाल्या’, ‘पोस्ट दोन मार्कांनी हुकली’. तिन्ही वाक्ये कर्तरी, तिन्हींत कर्ता हजर आणि तिन्हींत तो स्वतः गैरहजर. एवढ्यावर भागले नाही तर तो उत्तरतालिकेवर हरकत घेतो. ‘तू मला पुस्तक दिलेस’ हे वाक्य निव्वळ कर्मणी की कर्तृ-कर्म संकर, यावर हरकत घेण्याइतके साहित्य व्याकरणकारांनी त्याच्यासाठी मागे ठेवले आहे. अर्जुनवाडकरांच्या एका ग्रंथाचे नावच ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ असे आहे. पानाची झेरॉक्स जोडली जाते. प्रकरण चिघळलेच, तर प्रशासकीय न्यायाधिकरणाचे खंडपीठही याच शहरात आहे आणि उच्च न्यायालयाचेही. प्रयोग शिकायला आणि त्यावर भांडायला त्याला शहर सोडावे लागत नाही.

हे कसब कचेरीत कसे कामी येते ते पाहायला याच शहराचा नळ पुरे. जायकवाडी धरणात पाणी असते आणि नळाला ते कित्येक दिवसांच्या अंतराने येते. त्यावर लोक म्हणतात, ‘पाणी आलं नाही.’ कर्तरी प्रयोग. कर्ता पाणी, म्हणजे दोषही पाण्याचाच. कचेरी म्हणते, ‘पाणी सोडण्यात येईल.’ इथे क्रियापद पाण्याप्रमाणे वळते आणि सोडणारा वाक्यातून रजेवर असतो. ‘मान्यता देण्यात येत आहे’, ‘अर्ज फेटाळण्यात आला’, ‘चौकशी करण्यात येईल’ ही सगळी याच घराण्यातली वाक्ये. प्रयोग ओळखण्यात तरबेज झालेला माणूस नोकरीत शिरला की ती लिहिण्यातही तरबेज होतो. आणि कर्ता पुसायला दर वेळी कर्मणीच लागतो असेही नाही. ‘मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला’ हे वाक्य कर्तरी आहे. व्याकरणाच्या लेखी कर्ता आहे नामविस्तार. विधिमंडळाचा ठराव १९७८चा आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४चा. मधली सगळी वर्षे ज्यांनी मोर्चे काढले, मार खाल्ला, जीव गमावले, ते या कर्तरी वाक्यात कुठेच नाहीत. व्याकरणातला कर्ता आणि कामाचा कर्ता ही दोन वेगळी माणसे असतात. धड्याचा न शिकवलेला अर्धा भाग तो हाच.

यावर कोणी म्हणेल, सरकार ही व्यक्ती नव्हे. तिथे ‘मी केले’ कसे लिहिणार? आक्षेप रास्त आहे. म्हणून तर शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे लिहून खाली सही असते. राज्यघटनेच्या १६६व्या अनुच्छेदाने ती सोय लावून दिली आहे. पण तिथे कर्ता हरवलेला नाही, खालच्या ओळीत सहीनिशी उभा आहे. तक्रार त्या कागदांबद्दल आहे, ज्यांत खालची ओळही कर्मणीच असते. दुसरा आक्षेप असा, की व्याकरणाच्या पेपराने रूप तपासावे, जबाबदारी तपासणे हे त्याचे काम नव्हे. ठीक. मग रूपाचाच प्रश्न विचारा. इंग्रजीच्या भागात वाक्याचे रूपांतर मागता, तसे मराठीच्या भागातही मागा : ‘ठरलेल्या दिवशी पाणी सोडण्यात येईल. कर्तरी प्रयोग करा.’ कर्ता लिहिल्याशिवाय हे रूपांतर पुरे होत नाही, त्यामुळे एका वाक्यात व्याकरणही तपासून होईल आणि भावी अधिकाऱ्याची तयारीही. अडचण एकच दिसते. प्रश्न सोपा पडेल, अभ्यासिकेतल्या प्रत्येकाला उत्तर येत असेल, मेरिट आभाळाला टेकेल. फक्त उत्तरतालिका जाहीर करण्यात येणार नाही.