मासा सोडा, अनुदान मिळवा

अमेरिकेत इलिनॉय नदीकाठी बाथ नावाचं छोटं गाव आहे. तिथे 2005 पासून मासेमारीची एक स्पर्धा भरते. गळ चालत नाही. हेल्मेट घालायचं, दांड्याची जाळी धरायची आणि मोटरबोट सुरू करायची. इंजिनाचा आवाज झाला की सिल्व्हर कार्प, म्हणजे आपल्या मत्स्यविभागाचा चंदेरा, बिथरून पाण्याबाहेर झेपावतो, कधी कधी दहा फुटांपर्यंत. तो हवेतच झेलायचा. जाळीत आला नाही तर नाकावर येतो. त्या नदीवर माशाने हाड मोडलं, असं डॉक्टरला सांगितलं तर डॉक्टर हसत नाही.

मासा तिथला नव्हे. अमेरिकेला परक्या कार्पची हौस मात्र जुनी. 1877 साली तिथल्या सरकारी मत्स्य आयोगाने जर्मनीहून कॉमन कार्प आणला, तोच आपल्या तळ्यांतला सायप्रिनस. खुद्द राजधानीत, वॉशिंग्टन स्मारकाशेजारच्या तळ्यांत त्याची पैदास झाली. मग मतदार आपापल्या खासदाराला अर्ज करू लागले, ‘साहेब, आम्हालाही कार्प मिळावा.’ खासदारांनी तो पाठवलाही! पिंपांतून, रेल्वेने, देशभर. थोड्याच वर्षांत जवळजवळ प्रत्येक मतदारसंघात मासा पोचला. शेवटच्या माणसापर्यंत पोचलेली इतकी निर्दोष सरकारी योजना मी तरी दुसरी ऐकलेली नाही. पुढे पाणी गढूळ करणारा उपद्रवी म्हणून त्याच माशाच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात झाली, पण तोवर वाटप करणारे निवृत्त झाले होते.

एवढ्यावर शहाणं व्हायचं तर सरकार कशाला म्हणतात? 1962 मध्ये रेचेल कार्सनबाईंचं ‘सायलेंट स्प्रिंग’ आलं आणि रासायनिक फवारण्यांची लोकांना धास्ती बसली. तलावातलं गवत मारायला औषध नको, मग काय हवं? गवत खाणारा मासा. 1963 मध्ये गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, आला. दहाएक वर्षांत आर्कान्सामधल्या एका मत्स्यशेतकऱ्याने चंदेरा आणि त्याचा मोठ्या डोक्याचा भाऊबंद बिगहेड हेही आणले. आणणारा खासगी, पण पोसायला सरकार पुढे. हे दोघे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ आणि प्लवक गाळून खातात. तेव्हा सांडपाण्याच्या तळ्यांत त्यांना कामाला लावून पाणी साफ करता येईल, अशी कल्पना निघाली आणि सरकारी पैशाने प्रयोगही झाले. पगार नाही, पेन्शन नाही, संप नाही. असा सफाई कामगार कोणत्या नगरपालिकेला नको असेल? फक्त एकच राहिलं. कामगार ड्यूटी सोडून जाऊ नये म्हणून गेट लावायला हवं होतं. पूर आले, तळी भरून वाहिली, आणि 1980 च्या सुमारास मंडळी मिसिसिपीत होती.

आता या गोष्टीतला माझा आवडता भाग. शिकागो शहराचा मैला पूर्वी मिशिगन सरोवरात जायचा आणि पिण्याचं पाणीही तिथूनच यायचं. यावर शहराने उपाय काढला तो असा की नदीच उलटी फिरवली. 1900 साली कालवा खुला झाला आणि शिकागोची घाण सरोवराऐवजी मिसिसिपीच्या दिशेने, सेंट लुइसकडे निघाली. खालच्या मिसुरी राज्याने सुप्रीम कोर्टात दावा लावला, तो 1906 मध्ये निकालात निघाला, आणि मिसुरी हरलं. निसर्गाने वेगळी ठेवलेली दोन पाणलोट क्षेत्रं त्या कालव्याने कायमची जोडली गेली. म्हणजे बघा, घाण खाली पाठवायला शिकागोने रस्ता बांधला, घाणीच्या तळ्यांतलं शेवाळ खायला आर्कान्साने मासा पाळला, आणि शतक संपतासंपता तो मासा त्याच रस्त्याने उलटा शिकागोकडे चालू लागला. ज्याने घाण पाठवली त्याच्याच दारात सफाई कामगार हजर, यात माशाचं काय चुकलं?

पण पुढे पाच महासरोवरं आहेत आणि तिथल्या मासेमारीची किंमत वर्षाला सात अब्ज डॉलर सांगतात. त्यामुळे 2002 मध्ये कालव्याच्या पाण्यात विजेचा प्रवाह सोडला. 2009 च्या डिसेंबरमध्ये विजेचं कुंपण दुरुस्तीला बंद ठेवायचं म्हणून काही मैल कालव्यात विष ओतलं. हजारो मासे मेले, टनावारी उपसले. त्यांत शोधत होते तो बिगहेड किती? एक. आणि पुढच्याच उन्हाळ्यात दुसरा एक कुंपणाच्या पलीकडे, सरोवरापासून काही मैलांवर सापडला. आता जोलिएटजवळच्या ब्रँडन रोड बंधाऱ्यावर वीज, बुडबुडे आणि मोठा आवाज असा तिहेरी बंदोबस्त होणार आहे. खर्च एक अब्ज डॉलरच्या वर. कालवाच बुजवा असं म्हणणारेही आहेत, पण त्यातून मालवाहू बार्ज जातात आणि बार्जवाल्यांना मतं असतात.

एवढं करूनही आटोपत नाही म्हटल्यावर कोणाला तरी सुचणारच, खाऊन टाका! 2010 मध्ये इलिनॉयच्या गव्हर्नरांनी हा मासा चीनला विकण्याचा करार जाहीर केला. चिनी गिऱ्हाईक मासा ताजा, शक्यतो जिवंत बघून घेतं. अमेरिकेचा कायदा तेव्हा म्हणत होता, चंदेरा राज्याबाहेर जाईल तर मेलेलाच. घरचं गिऱ्हाईक आणखी अवघड. या माशाच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे दुफाटी काटे असतात, आणि काटा दिसला की अमेरिकन माणूस रेस्टॉरंटवर खटला भरतो. मांदेली काट्यासकट कुरकुरीत चावणाऱ्या आपल्या लोकांना याचं हसू येईल. पण तिथे मासा म्हणजे पांढरी, चौकोनी, बिनकाट्याची वस्तू. म्हणून काट्यासकट खिमा करून त्याचे बर्गर निघाले. 2022 मध्ये इलिनॉयने डिझाइन कंपनीकडून त्याचं ‘कोपी’ असं नव्याने बारसंही करून घेतलं. चवीला मासा खरोखर बरा आहे, सौम्य. पाऱ्याचं प्रमाणही कमी, कारण तो दुसरे मासे खात नाही. माझी त्याच्या चवीबद्दल तक्रार नाही.

तक्रार हिशेबाची आहे. समजा, खपला. मग कारखाना उभा राहील, बर्फ येईल, ट्रक येतील, कर्ज निघेल, शे-दोनशे माणसं कामाला लागतील. कारखान्याला रोज मासा लागेल. नदीतला मासा संपत आला तर बँकेचा हप्ता कोण भरणार? त्या दिवशी कारखान्याचा मालक गव्हर्नरांना भेटून ‘आमच्या पारंपरिक कार्पचं संरक्षण करा’ असं निवेदन देईल. आणि कोणी तरी हळूच म्हणेल, नदीवर अवलंबून राहण्यापेक्षा तळ्यात पाळूया की! म्हणजे पुन्हा 1963.

हसणाऱ्यांनी जरा भिगवणला जाऊन यावं. चिलापी मूळची आफ्रिकेची, 1952 मध्ये भारतात आली. आज उजनीच्या काठावर चिलापी फ्रायच्या पाट्यांवर हॉटेलं चालतात. तिथे बसून ‘हा परका मासा धरणातून हद्दपार करा’ असं म्हणून बघा; दुसरी भाकरी मिळणार नाही. अमेरिकेचे हे नामचीन गुन्हेगार तर आपल्याकडे मानाने नांदतात. चंदेरा 1959 मध्ये जपानहून आला, गवत्या त्याच वर्षी हाँगकाँगहून, दोघेही कटकच्या संशोधन केंद्रात. कटला, रोहू, मृगळ आणि हे पाहुणे एकाच तळ्यात, असं मिश्र मत्स्यपालन आपण गावोगाव शिकवलं, आणि तळ्यापुरतं ते उत्तम चालतंही. पण हिमाचलमधल्या गोविंदसागर जलाशयात 1970 च्या दशकात चंदेरा अपघाताने शिरला आणि काही वर्षांत कटल्याला मागे सारून बसला.

तेव्हा खायचा की पाळायचा, तर नदीत असेल तो खुशाल खा, पण त्यावर कारखान्याचं कर्ज काढू नका. शेततळ्यात पाळायचा असेल तर पाळा, मत्स्यबीजावरचं अनुदानही घ्या. फक्त मृग लागण्याआधी सांडव्याला बारीक जाळी बांधा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ती जागेवर आहे का ते स्वतः जाऊन बघा. जाळीला अनुदान आहे का, हे विचारत बसू नका.