मटण की पदक?

नोव्हेंबर 2017 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने एक परिपत्रक काढलं आणि विद्वत्तेचा रस्ता पोटातून जातो हे उभ्या देशाला कळलं. योगमहर्षी रामचंद्र गोपाळ शेलार ऊर्फ शेलारमामा यांच्या नावाच्या सुवर्णपदकासाठी अर्ज मागवले होते. उमेदवार शाकाहारी हवा, निर्व्यसनी हवा. योगासनं, प्राणायाम, ध्यानधारणा करणाऱ्याला प्राधान्य. पदक विज्ञानेतर शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, म्हणजे भौतिकशास्त्रवाल्यांनी खुशाल कोंबडी हाणावी, मराठीवाल्यांनी मात्र आधी ताट दाखवावं.

व्हायचा तो गदारोळ झाला. निरनिराळ्या पक्षांचे पुढारी तुटून पडले. त्यावर विद्यापीठ म्हणालं, अटी आमच्या नाहीत, देणगीदारांच्या आहेत. शाकाहाराच्या अटीपेक्षा मला हे उत्तर जास्त आवडलं. परिपत्रकावर नाव विद्यापीठाचं, पदक मिळणार विद्यापीठाच्या समारंभात, पण मजकुराशी विद्यापीठाचा संबंध नाही! शेवटी विद्यापीठाने माघार घेतली. पदक मात्र 2006 पासूनचं. इतकी वर्षं त्या अटी कुणी डोळ्यांखालून घातल्या असतील, तर त्याला त्यात काही खटकलं नसावं. नसतील घातल्या, तर प्रश्नच मिटला.

अंमलबजावणी कशी झाली असती याची मला अजून हुरहुर लागते. ‘मी आजन्म रस्सा ओढला नाही’ असं शंभर रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र. मेसवाल्या काकूंचा दाखला, सही-शिक्क्यानिशी. अंडं कोणत्या बाजूला धरायचं यावर उपसमिती, तिला दोनदा मुदतवाढ. आणि गटारीच्या दिवशी वसतिगृहावर भरारी पथक. परीक्षा विभागाला निकाल वेळेवर लावायला माणसं मिळत नाहीत, पण या पथकात जायला झुंबड उडाली असती.

आता अशा अटी मुळात विद्यापीठात शिरतात कशा, तर अशा. कायद्याने देणग्या स्वीकारायचा अधिकार व्यवस्थापन परिषदेचा. परिषदेची विषयपत्रिका जाडजूड. त्यात कुणाची नेमणूक, कुणाची चौकशी, कुठल्या कंत्राटदाराचं बिल अशा विषयांवर सदस्य तासतास भांडतात, कारण तिथे कुणाचं तरी काहीतरी अडलेलं असतं. देणगीच्या विषयावर कोण भांडणार? घरचं काही जात नाही, उलट येतंय. सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते संमत’, आणि चहा. धनादेशाचा आकडा सगळे वाचतात, सोबत जोडलेलं पत्र वाचायचं राहून जातं. त्या पत्रात देणगीदार चक्क विद्यापीठाचं धोरण लिहीत असतो.

देणगीदाराला नाव हवं असतं याबद्दल मला काडीची तक्रार नाही. पैसा त्याचा, हौस त्याची, आई-वडील त्याचे. मुंबई विद्यापीठाचं उदाहरण घ्या. 1864 मध्ये, कापसाच्या तेजीच्या ऐन भरात, प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी 2 लाख आणि मनोऱ्यासाठी 2 लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचं, राजाबाईचं नाव. पुढच्याच वर्षी अमेरिकेतली यादवी संपली, कापूस गडगडला, शेअरबाजार झोपला आणि पाठोपाठ शेटजींचं दिवाळं निघालं. मनोरा उभा राहिला तो थेट 1878 मध्ये. राजाबाई अंध होत्या, जैन असल्याने सूर्यास्तापूर्वी जेवत, त्यांना घंटेवरून वेळ कळावी म्हणून हा मनोरा, अशी आख्यायिका आजही सांगतात. खरीखोटी देव जाणे. पण खरी धरली तरी खालच्या ग्रंथालयात बसणाऱ्याने दिवेलागणीआधी जेवून यावं, असं शेटजींनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. आईचा नेम आईपुरता राहिला, मुंबईला घड्याळ मिळालं.

धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्व्यांनीही नावाचा सौदा केला. 1916 मध्ये काढलेलं महिला विद्यापीठ पैशावाचून रखडत होतं. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपये देऊ केले, अट अशी की विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव द्यायचं. अण्णांनी दिलं. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी या नावापायी मुलींच्या शिक्षणाचं काही वाकडं झालं नाही, चर्चगेटच्या घाईत नाथीबाईंचंच ‘एसएनडीटी’ झालं. नाव देणं आणि चाव्या देणं यातला फरक अण्णांना कळत होता.

या मामल्यात सगळ्यात गैरसोयीचा देणगीदार भेटला तो पवईला. 2023 च्या जूनमध्ये माजी विद्यार्थी नंदन नीलेकणी यांनी आयआयटी मुंबईला 315 कोटी रुपये दिले, फोटो आले, बातम्या आल्या, रीतसर झालं. दोनच महिन्यांनी दुसऱ्या एका माजी विद्यार्थ्याने 160 कोटी दिले आणि सांगितलं, माझं नाव कुठे येता कामा नये. पैसे हरित ऊर्जेच्या संशोधनासाठी. आता करा सत्कार! शाल कुणाच्या खांद्यावर टाकायची, श्रीफळ कुणाच्या हाती द्यायचं, कोनशिलेवर काय कोरायचं? आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठात असा मनुष्य आला असता तर नियमात बसत नाही म्हणून त्याची फाईल लेखा विभागात धूळ खात पडली असती. ‘देणगीदाराचे पूर्ण नाव’ हा रकाना रिकामा ठेवून कसं चालेल?

राजाबाईकडे परत एकदा बघू, कारण हिशेब तिथे आहे. मनोऱ्यासाठी प्रेमचंदांनी 2 लाख दिले. अलीकडे त्या वास्तूच्या दुरुस्तीला 4 कोटींहून अधिक रुपये लागले, तेही एका बड्या टाटा कंपनीने, टीसीएसने, दिले म्हणून. बांधायला दाते मिळतात, तिथे नाव कोरता येतं. राखायला मिळत नाहीत. गळक्या छतावर, प्रयोगशाळा सहायकाच्या पगारावर, वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवर नाव घालायला कोण पुढे येतो? व्यवस्थापन परिषदेने एक बैठक फक्त मुलींच्या स्वच्छतागृहांच्या देणगीसाठी लावून बघावी. मांसाहारी दात्याचे पैसेही चालतील. कोनशिलेची जागा मात्र ज्याने त्याने आपल्या आईला विचारून ठरवावी.