सेटल होईल

आमच्या डोंबिवलीच्या सलूनमधल्या कलरवाल्या सरांनी आजवर एकही चूक केलेली नाही. चूक केसांची असते, नाहीतर पाण्याची. घरी बोअरिंगचं पाणी येत असेल तर विषयच संपला. आणि चूक कुणाचीही असो, उतारा एकच : "मॅम, दोन वॉशमध्ये सेटल होईल."

माझ्या नणंदेला चॉकलेट ब्राऊन हवा होता. टॉवेल सुटला तेव्हा भांगापाशी दोन बोटं केशरी आणि खाली जुनाच काळा. डोक्याच्या उष्णतेने मुळांशी रंग लवकर चढतो, म्हणून मुळं शेवटी घ्यायची. रंगाने रंग उतरत नाही, म्हणून जुन्या काळ्या डायवर ब्राऊन थापून उपयोग नाही, हे ज्ञान मला सरांनीच दिलेलं. नणंद आरशात बघून गप्प. सर दोन पावलं मागे सरकले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "डायमेन्शन आलंय!" मग तिला दुकानाबाहेर नेऊन उभं केलं. "ट्यूबलाइटमध्ये कळत नाही, उन्हात बघा." समोरचा भाजीवाला मेथी निवडायची सोडून बघू लागला. त्यालाही विचारलं. तो म्हणाला, छान आहे. "बघा! आणि दोन वॉशमध्ये तर..."

एका कॉलेजकन्यकेचे केस ब्लीचने पिवळे करून त्यावर ॲश लावला. ॲशमध्ये निळं असतं. पिवळ्यावर निळं पडलं की काय होतं हे बालवाडीतलं पोरही सांगेल. सर न डगमगता आत गेले, हिरव्यावर उतारा म्हणून लालसर काहीतरी कालवून आले आणि वर उपकार केल्यासारखे म्हणाले, "रेग्युलर क्लायंट आहात, टोनर माझ्यातर्फे." पोरगी थँक्यू म्हणून गेली!

रस्ता खोदलाय? सेटल होईल. एसी गळतोय? सेटल होईल. वॉचमनची बायको भांडून माहेरी गेली, त्यालाही हेच. तिथे मात्र वॉश किती, ते सांगितलं नाही.

शिस्त फक्त एका बाबतीत. कितीही जुनं गिऱ्हाईक असो, कानामागे डायचा थेंब लावून 48 तासांनी बोलावणार. मी यावरून पुष्कळ कुरकुर केली आहे.

एका सोमवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं वर दिसलं म्हणून डोकावले. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी काळ्या मेंदीवर घरीच ब्लीच फासलेली एक मुलगी रडत बसली होती. सर एकेक बट फॉइलवर घेऊन काम करत होते. मध्येच त्यांनी ब्रश ठेवला. "याहून जास्त आज करणार नाही. केस तुटतील. उरलेलं अंबाड्यात लपेल." सेटल होईल म्हणाले नाहीत. पैसे घेतले ते फक्त सामानाचे.

घाम पुसायला त्यांनी टोपी काढली, तर खाली केस पांढरेशुभ्र. ग्लोव्ह्ज काढले, तर बोटांच्या पेरांवर भेगा. काळ्या डायमध्ये असतं ते पीपीडी इतकी वर्षं हाताळून आता त्यांनाच सोसत नाही. स्वतःला एक थेंबही लावता येत नाही.

"डॉक्टरांना दाखवलंत का?" मी विचारलं.

"दाखवलं ना. मलम दिलं आणि म्हणाले, दोन आठवड्यांत सेटल होईल." सरांचा चेहरा लालबुंद झाला. "हे डॉक्टर लोक ना मॅम, पेशंटच्या तोंडावर काहीही ठोकून देतात!"